दाढेतला पारा



दातांच्या आरोग्याविषयी आम्ही बोलू लागलो की एक प्रश्न हमखास येतो : "दाढेत चांदी भरली आहे, तिच्यात पारा असतो म्हणतात. ती काढून टाकावी काय?" आजचे आमचे बोलणे या एका प्रश्नापुरतेच आहे.

आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात वजनाने सुमारे निम्मा पाराच असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबे. या धातूंच्या भुकटीत पारा कालवला की काही मिनिटे लगदा मऊ राहतो. तेवढ्यात तो दातातील खड्ड्यात दाबून बसवायचा. मग तो असा घट्ट होतो की वर्षानुवर्षे चावले तरी टिकतो. याचे नाव अमॅल्गम.

त्यावरचा वाद फार जुना आहे. १८३३ साली क्रॉकर बंधूंनी हा लगदा अमेरिकेत नेला. तेथील प्रतिष्ठित दंतवैद्य त्या काळी सोने भरीत. १८४० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने १८४५ मध्ये सभासदांकडून अमॅल्गम न वापरण्याची लेखी हमी मागितली. संघटनेत फूट पडली आणि १८५६ मध्ये ती विसर्जित झाली. पाऱ्याचे भय खरे होते, पण सोन्याचा धंदाही त्यात होताच. ज्याला सोने परवडत नाही त्याने काय करायचे? दात उपटून घ्यायचा! अमॅल्गमने गरिबाचा दात वाचविला, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे.

मात्र विरोधकांचे एक म्हणणे खरे ठरले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांना प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेने स्वतःलाच त्रास झाला होता. १९२६ पासून त्यांनी अमॅल्गमविरुद्ध इशारा दिला. भरलेल्या दाढेतून पाऱ्याची वाफ निघते, चावताना अधिक निघते, हे आज कोणी नाकारीत नाही. दिवसाला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या काही पट. एवढ्याने अपाय होतो काय? २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. अमेरिकेत ५३४ मुले ५ वर्षे आणि लिस्बनमध्ये ५०७ मुले ७ वर्षे तपासली गेली. अमॅल्गमच्या मुलांच्या लघवीत पारा जास्त सापडला, पण बुद्धी, स्मृती यांत फरक दिसला नाही. पांढरी भरणेच पुन्हा दुरुस्त करण्याची वेळ अधिक आली.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे : भरण शाबूत असेल तर केवळ भीतीने ते उकरून काढू नका. उकरतानाच वाफ सर्वांत जास्त उडते. खरी ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती विरळा.

मग धोका कोणाला? खलात पारा घोटणाऱ्याला, तो तळहातावर मळणाऱ्याला, फडक्यातून पिळणाऱ्याला! रुग्ण अर्ध्या तासात घरी जातो. मदतनीस मात्र त्याच बंद खोलीत दिवसभर असतो. त्याच्याविषयी सभेत कोणी विचारीत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. आपल्यापैकी जे विद्यार्थी या व्यवसायात जातील त्यांनी मोजून भरलेल्या बंद कॅप्सूलचा आग्रह धरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि उरलेला चुरा मोरीत न टाकता झाकणाच्या बरणीत ठेवावा. मोरीतला पारा नदीत जातो, तेथील जिवाणू त्याचे मिथाइल पारा हे जहाल विष करतात आणि ते माशांत साठते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला रोग कारखान्याच्या सांडपाण्यातील याच विषाचा होता.

त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांना, अगदी आवश्यक नसेल तर, अमॅल्गम भरू नये असे २०२२ मध्ये ठरले. २०२५ च्या जिनिव्हा बैठकीत २०३४ पर्यंत ते बंद करण्याचे ठरले.

निर्णय योग्यच आहे. पण त्याची जागा कोण घेणार? पांढरे कंपोझिट महाग असते आणि भरताना दात अगदी कोरडा लागतो. ग्लास आयोनोमर सिमेंट स्वस्त पडते; हाताच्या अवजारांनी कीड खरवडून, विजेशिवायही ते भरता येते. मात्र दाढेतल्या मोठ्या खड्ड्यात ते तितके टिकत नाही. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात यांपैकी काय मिळते, दाढ भरून देतात की उपटूनच देतात, याची चौकशी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आताच सुरू करावी. २०३४ ला फार वर्षे उरलेली नाहीत.