कोजागिरीपूर्वीची नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा लेखाजोखा सांगण्याचे काम आमच्याहून जाणत्या मंडळींनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आमच्या वाट्याला विषय आला तो नावेचा. आणि तोही चांदण्यात संथपणे चाललेल्या नावेचा नव्हे, तर त्यापूर्वी पंधरा दिवस घाटावर पालथ्या पडलेल्या नावेचा.

आपल्या मंडळाची कोजागिरी भेडाघाटावर होते, हे येथे कोणास सांगावयास नको. पावसाळ्यात नर्मदामाईचे रूप असे असते की तेथील नौकाविहार बंदच ठेवावा लागतो. भाद्रपद सरता सरता पाणी उतरू लागते, गढूळपणा निवळतो, आणि शरदाच्या पौर्णिमेपर्यंत संगमरवरी कड्यांमधून पुन्हा नावा फिरू लागतात. आपला उत्सव आणि नावाड्यांच्या हंगामाचा आरंभ असे एकाच सुमारास येतात. आपण पाहतो तो उत्सव. हंगामाची तयारी आपल्या दृष्टीस पडत नाही, कारण आपण जातो ते रात्री, दुधाची पातेली घेऊन.

ती तयारी पाहण्याची बुद्धी आम्हांस कशी झाली, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली अपेक्षेहून अधिक कुटुंबे आली आणि ठरविलेल्या नावा पुरेनात. एक नाव बाजूस बांधलेली होती. नावाडी म्हणाला, "बाबूजी, ही आजच पाण्यात उतरवली आहे, दोन दिवस थांबा." आम्ही थांबलो नाही. चंद्र कोणासाठी थांबतो, असे काहीसे चतुर उत्तरही आम्हीच दिले. दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले तेव्हा पायांस गार लागले. प्रथम वाटले, वल्ह्याचे पाणी उडाले असेल. मग लहान मुलांच्या चपला तरंगू लागल्या. चिवड्याचा डबा रिकामा करून आम्ही पाणी उपसले, नावाड्याने एक शब्द न बोलता नाव वळविली, आणि सर्वजण सुखरूप घाटाला लागलो. तेथे कोणी त्या गृहस्थावर रागावू लागले, तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली. दोष त्याचा नव्हता.

वास्तविक ही चूक आमच्याकडून व्हावयास नको होती. आमचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर, सुवर्णदुर्ग समोर दिसेल अशा ठिकाणी गेले. नोकरीच्या निमित्ताने आम्ही जबलपूरच्या कारखान्यात आलो आणि समुद्र मागे राहिला. त्याबरोबर शहाणपणही थोडे मागे राहिले असावे. कोकणात मृगाआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारीत. श्रावण लागला की शाकार काढून कामास हात घालावयाचा. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढावयाचे, लाकूड पोखरणाऱ्या किड्याने कोठे घर केले आहे का हे टोचून पाहावयाचे. फळ्याफळ्यांमधील सांध्यांतून जुना कुजलेला कापूस उकरून काढावयाचा, नवा तेलात भिजवून हातोडीने ठोसावयाचा, वरून राळ भरावयाची. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि तेल खलून केलेला लेप. मग डोलकाठीचे दोर, परबाण, शिडाची शिवण. शीड अंगणात पसरले की आम्ही मुले त्यावर लोळत असू आणि मार खात असू.

हे सगळे झाले तरी तांडेल होडी एकदम बाहेर काढीत नसे. उन्हावाऱ्यात पडलेले लाकूड सुकते, आकसते, सांधे उघडतात. पाण्यात उतरविल्यावर ते पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप आवळतात. त्यास दोन-तीन दिवस लागतात. तोवर होडी किनाऱ्यालाच बांधून ठेवावयाची आणि पाणी कोठून येते ते पाहावयाचे. "तिला पाणी पिऊ दे," असे म्हणत. नारळी पौर्णिमेचा नारळ त्यानंतर. भेडाघाटाच्या त्या नावाड्याने वेगळे काय सांगितले होते? भाषा हिंदी होती, एवढेच.

ही सावधगिरी आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या खवळण्यापूर्वीच काही दिवस आरमार छावणीस आणावे, अशी ताकीद त्यात आहे. गलबतांसाठी सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, हेही तेथेच सांगितले आहे. राज्य चालविणाऱ्यांनी फळ्यांचा आणि दोरांचा विचार केला, याचे आम्हांस लढायांच्या वर्णनाहून अधिक कौतुक वाटते.

सागवानावरून एक नाव आठवते: 'सुहेली'. ही ३२ फुटांची शिडाची नौका मुंबईत, तेथील सुतारांच्या हातून सागवानात घडली आणि नारळ फोडून पाण्यात उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी फालमाउथहून एकटे निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले. परंतु प्रवास ऐन आरंभात असताना, केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेस, पाण्याखालच्या सांध्यातून नौका गळू लागली. जे काम कोकणात अंगणात बसून होते, ते त्यांना अटलांटिक महासागरात बुडी मारून, श्वास कोंडून करावे लागले. कापूस ठोसला तो सुटून आला. अखेर कापसाची वात कापडाच्या पट्टीवर शिवून, ती डांबराने माखून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच एक शार्क मासा आला, त्यालाही निपटावे लागले!

याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे २००६ मध्ये आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे उमेदवारीस गेले. तेथे त्यांनी केले काय? एका शर्यतीसाठी नौका सज्ज करण्यास मदत केली. शिकणे ते हेच. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णी या गावी राहत. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. समुद्रापासून दूर, माणदेशाच्या कोरड्या वाऱ्यात बसून त्यांनी हा ध्यास धरला, याचे आम्हां जबलपूरकरांस विशेष वाटावे. नौका बांधली गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. ५६ फुटांची 'म्हादेई' फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. तिच्या बांधणीत दोंदे प्रथमपासून गुंतलेले होते. त्यामुळे कोणता दोर कोठून जातो आणि कोणता नळ कोठे बिघडेल, हे त्यांना अंधारातही ठाऊक असे. १९ ऑगस्ट २००९ रोजी, नारळी पौर्णिमेनंतर पंधरवड्याने, ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. दांडेकरांच्याच कार्यशाळेतील 'तारिणी' घेऊन नौदलातील सहा स्त्रियांनी २०१७-१८ मध्ये, आणि पुढे दोघींनीच २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. आमच्या नातीच्या अभ्यासाच्या भिंतीवर त्या सहाजणींचे चित्र आहे. कमांडर वर्तिका जोशी यांचे नाव तिला पाठ आहे. दांडेकरांचे आम्ही पाठ करून घेतले.

आता घरची गोष्ट. त्या फजितीनंतर आम्ही दरवर्षी कोजागिरीच्या पंधरा दिवस आधी भेडाघाटावर जातो. नावाडी मंडळी प्रथम हसत, आता चहा देतात. कोणत्या नावेचे सांधे नव्याने भरले, इकडे ज्याला अलकतरा म्हणतात ते डांबर सुकले की नाही, नाव किती दिवस पाण्यात उभी आहे, हे पाहतो आणि तेवढ्याच नावा सांगतो. मंडळी अधिक आली तर दोन फेऱ्या. जीवरक्षक जाकिटे मोजून घेतो; मुलांच्या मापाची निराळी मागावी लागतात. दोन दिवसांची मजुरी आगाऊ देण्याची प्रथाही आम्ही पाडली आहे, कारण रिकाम्या नावेला पाणी पीत उभे ठेवणे नावाड्यास परवडत नाही. कार्यकारिणीने हा खर्च कधी नाकारला नाही, एकदा 'किरकोळ' या सदरात घातला एवढेच.

आमचे गुडघे आता घाटाच्या पायऱ्या मानीत नाहीत. गेल्या वर्षी खाली उतरलो, पण वर येताना दोघांनी हात दिला. तरुण मंडळींपैकी कोणी हे काम घ्यावे. एक वर्ष आम्ही बरोबर येऊ, सांधा बोटाने कसा तपासावा ते दाखवू. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता निघावयाचे आहे. जुने कपडे घालावे. डांबराचे डाग निघत नाहीत.