भूकंप आणि गावाचा दिवा



लातूरकरांपुढे भूकंपाविषयी बोलणे म्हणजे ज्याचे घर जळाले त्याला विस्तवाची ओळख करून देणे होय. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट येथे कोणाला सांगावयास नको. किल्लारी-सास्तूरचा तो धक्का 6.2 तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच होता. तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि अवजड माळवदांनी. घरे कशी बांधावीत हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. आज मला त्याच धड्याचे दुसरे पान उघडावयाचे आहे.

समजा, घर उभे राहिले, पण वीज गेली. मग जखमींवर शस्त्रक्रिया कोणत्या उजेडात करावयाची? टाकीत पाणी कसे चढवावयाचे? मदतीची हाक कोणत्या दूरध्वनीवरून द्यावयाची? भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसात वीज ही चैन नसते. ती औषधासारखी असते.

ही भीती काल्पनिक नाही. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर हादरले. धरणाच्या भिंतीला तडे गेले, शक्तिगृह बंद पडले आणि थेट मुंबईच्या वीजपुरवठ्याला खीळ बसली. पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी जपानच्या होक्काइडो बेटावर भूकंपाने एक मोठे वीजकेंद्र बंद पाडले आणि जवळजवळ सारे बेट अंधारात बुडाले. सारा भार एकाच खांद्यावर टाकला, म्हणजे तो खांदा निखळताच संसार कोसळतो. म्हणून शहराला वीज दोन वेगळ्या वाटांनी येणे, ही पहिली गरज.

आता उपकेंद्रात नेमके मोडते काय, ते पाहू. उंच लोखंडी मनोरे सहसा तगतात; वादळाचा जोर सोसण्यासाठीच ते घडविलेले असतात. पायाखालची जमीन खचली, तरच त्यांची धडगत नसते. खरे नाजूक असतात ते चिनी मातीचे निरोधक. पोर्सेलीन वाकत नाही, तडकते. दोन यंत्रांना जोडणारी तार ताठ असेल, तर ती यंत्रे वेगवेगळी डोलताना एकमेकांना ओढतात आणि निरोधकाची मान मोडते. उपाय साधा आहे: तारेला पुरेशी ढील द्यावी.

दुसरे, ट्रान्सफॉर्मर. अनेक टनांचे हे धूड नुसते रुळांवर चाकांच्या आधाराने उभे असेल, तर धक्क्याने ते सरकते, प्रसंगी कलंडतेही. त्याला पायाशी बोल्टांनी जखडले पाहिजे. रस्त्यावरच्या ज्या ट्रान्सफॉर्मरला आपण 'डीपी' म्हणतो, तोही खांबांवरच्या चौकटीला घट्ट बांधलेला हवा. तिसरी वस्तू सर्वांत दुर्लक्षित: उपकेंद्रातील बॅटऱ्या. त्या मांडणीवरून घसरून फुटल्या, की धोक्याच्या वेळी वीज तोडणारी यंत्रणाच आंधळी होते. एक लोखंडी पट्टी त्यांना वाचवू शकते.

कोणी म्हणेल, आमच्या भागात पुन्हा कशाला येतो भूकंप! 1993 पूर्वी नकाशावर किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये नकाशा सुधारून लातूरचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. नांदेड दुसऱ्यातच राहिले. पण 21 मार्च 2024 रोजी हिंगोलीत केंद्र असलेल्या 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरांना सकाळी सहाच्या सुमारास घराबाहेर काढले, आणि जुलैत पुन्हा तसेच घडले. नकाशा माणूस काढतो. जमिनीने तो वाचलेला नसतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या गावच्या रुग्णालयात, पाणीपुरवठ्याच्या पंपगृहात जाऊन तीन प्रश्न विचारा. जनरेटर जमिनीला जखडला आहे काय? त्याच्या बॅटऱ्या बांधल्या आहेत काय? तो शेवटचा कधी चालवून पाहिला? मोठा ट्रान्सफॉर्मर मोडला, तर नवा मिळण्यास महिनोन्महिने लागतात. बोल्ट आवळावयास एक दुपार पुरते.

भूकंप थांबविणे आपल्या हाती नाही. पण त्या पहाटेनंतर रुग्णालयात दिवा लागलेला असेल की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.