रात्रीचा परवाना

कृष्णेच्या कांठीं, वाळवा तालुक्यांत, रेठरें हरणाक्ष नांवाचें एक गांव आहे. १८६६ सालीं तेथल्या एका कुलकर्ण्याच्या घरीं श्रीधर नांवाचा मुलगा जन्मला. कुलकर्णपणाचें दप्तर सांभाळण्याऐवजीं तो ढोलकीच्या फडांत शिरला आणि पठ्ठे बापूराव ह्या नांवानें सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाला. त्याच जिल्ह्यांत, तासगांव तालुक्यांत, अंजनी नांवाचें दुसरें गांव आहे. रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे लोकांचे आबा, हे तेथले. ते राज्याचे गृहमंत्री असतांना, २००५ सालीं, मद्य मिळणाऱ्या उपाहारगृहांतील नाच कायद्यानें बंद करण्यांत आला. एका गांवानें नाचगाण्याला शाहीर दिला, दुसऱ्यानें नाच बंद करणारा मंत्री दिला. आणि दोन्ही गांवांमधील अंतर एका सकाळच्या प्रवासाचें.

रात्रीं किती वाजेपर्यंत दुकान उघडें असावें, तेथें गाणें वाजावें कीं न वाजावें, आणि कोणी नाचूं लागलें तर तें कोणाच्या अनुमतीनें, हे प्रश्न वरवर पाहतां पोलीस ठाण्याच्या टेबलावरचे वाटतात. पण त्यांच्या उत्तरांवर कोणाची झोंप, कोणाचा संसार आणि कोणाची भाकर अवलंबून असते. म्हणून परवाना देणाऱ्यानें रेघ कोठें ओढली आणि कां ओढली, हें जरा जवळ जाऊन पाहण्यासारखें आहे.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. त्या वर्षीं कांहीं संस्थानी प्रदेश जोडून 'दक्षिण सातारा' हा निराळा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्याचें नांव सांगली ठेवण्यांत आलें. ह्या मुलखाची रात्र मुकी कधींच नव्हती. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' करून दाखविलें तें सांगलीस. मिरजेच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या स्मरणार्थ गवई रात्र-रात्र गात आले आहेत. कवलापूरच्या काळू-बाळू ह्या जुळ्या भावांनीं तमाशाच्या कनातींत हजारों माणसांना हंसविलें, आणि वाटेगांवच्या अण्णा भाऊ साठ्यांनीं त्याच तमाशाला लोकनाट्याचें रूप देऊन तो गिरणगांवांत नेला. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, असा तमाशाचा क्रम. वगाला रंग चढे तो मध्यरात्रीनंतर, आणि राजाचा न्याय होई तो कोंबडा आरवण्याच्या सुमारास. दुसऱ्या दिवशीं शाळेंत निम्मीं मुलें डोलत बसत, हेंहि खरें. पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं शहाणा मास्तर गणित घेत नसे.

सरकारला मात्र ह्या रात्रीचा फारसा भरंवसा वाटला नाहीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली. पुढें ती उठली, पण संहिता आधीं तपासून घेण्याची अट मागें राहिली. त्यानंतर १९५१ चा पोलीस कायदा आला. त्याच्या ३३ व्या कलमानें करमणुकीच्या जागांना परवाने देण्याविषयीं नियम करण्याचा अधिकार मोठ्या शहरांत पोलीस आयुक्ताला व जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्याला, म्हणजे कलेक्टरला, मिळाला. साताऱ्यास व सांगलीस आयुक्तालय नाहीं. तेथें हा अधिकार कलेक्टरचा. बृहन्मुंबईसाठीं १९६० सालीं जे नियम झाले त्यांच्या मथळ्यांतच मेळे आणि तमाशे यांचीं नांवें घेतलेलीं आहेत, आणि पुढें हॉटेलांतील नाचाला परवाने दिले गेले तेहि ह्याच नियमांखालीं. गणपतीच्या मेळ्यांतलें पद, फडांतली लावणी आणि मद्यगृहांतला नाच हे सारे कायद्याच्या लेखीं एकाच खान्यांतले जिन्नस होते.

२००५ पूर्वींच्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबई, ठाणें, रायगड ह्या भागांत 'डान्स बार' वाढत गेले. ते मुंबईकडचे असले तरी त्यांची झळ घाटावर पोंचत होती. पाटण, जावळी ह्या डोंगरी तालुक्यांतील घरोघरचीं माणसें मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून राबत आलीं; माथाड्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे पाटणकडचेच. ज्या घरची चूल मुंबईहून येणाऱ्या पैशावर पेटते, त्या घराला मुंबईची रात्र परकी कशी असेल? एखाद्या तरुणानें एका बैठकींत नोटा उधळल्या तर इकडे एखाद्या बहिणीचें लग्न पुढें ढकललें जाई. आबा पाटील हे खेड्यांतल्या घरांतून वर आलेले गृहस्थ. ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गांव ह्या योजनांमुळें त्यांचें नांव खेडोपाडीं आदरानें घेतलें जाई. त्यांनीं ही बंदी घातली तेव्हां असंख्य घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, तिचें स्वागत झालें. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

शंका आहे ती रेघेविषयीं. जुलै २००५ मध्यें विधिमंडळानें पोलीस कायद्यांत दोन नवीं कलमें घातलीं व ऑगस्टच्या मध्यापासून त्यांचा अंमल सुरू झाला. एका कलमानें उपाहारगृहांत, परमिट रूममध्यें व बिअर बारमध्यें कोणत्याहि प्रकारचा नाच करण्यास मनाई केली. लगेच पुढच्या कलमानें नाट्यगृहें, क्लब, जिमखाने आणि तीन किंवा अधिक तारे मिळालेलीं हॉटेलें यांना त्या मनाईतून सोडविलें. सातारा जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी ह्याचा अर्थ उघड होतो. एकीकडे महाबळेश्वर-पांचगणीचीं पर्यटकांचीं हॉटेलें, दुसरीकडे पुणें-बंगळूर रस्त्याच्या कडेचे ढाबे आणि परमिट रूम. नाच तोच, वाद्य तेंच, घड्याळांतला कांटाहि त्याच आंकड्यावर. पण दारावर तारे टांगलेले असतील तर ती संस्कृति, आणि नसतील तर तो गुन्हा. ज्याला बंदी योग्य वाटत होती त्यालाहि हें गिळणें अवघड होतें. उलट अधिकच अवघड. कारण नाच वाईट आहे असें खरोखरच मानणाऱ्या माणसानें श्रीमंताच्या मुलाला तेवढा बिघडण्याची मोकळीक कां द्यावी?

एप्रिल २००६ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें हीं कलमें रद्द केलीं. सरकार वर गेलें, आणि १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. दोन मुद्दे त्यांत मुख्य होते : कायद्यापुढील समानता आणि व्यवसायाचें स्वातंत्र्य. जो नाच एका ठिकाणीं नीतीला बाधक ठरतो तो गिऱ्हाइकाचा खिसा जड असल्यामुळें निर्दोष होत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. त्याच निकालांत अशीहि नोंद आहे कीं, बंदीमुळें ७५,००० हून अधिक स्त्रिया बेकार झाल्या व त्यांतल्या अनेकींना देहविक्रयाकडे वळावें लागलें. ज्या कायद्याच्या उद्देशांत स्त्रियांची अप्रतिष्ठा थांबविणें हें कारण दिलेलें होतें, त्याच्या जमाखर्चांत हा आंकडा जमेकडे मांडतां येत नाहीं. नाच थांबला त्या रात्रीं त्या बायांनीं उद्यांपासून काय करावें, ह्याचें उत्तर कोणत्याहि परवान्यावर लिहिलेलें नव्हतें.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्यांत बंदीचें काम परवान्यानें केलें. २०१४ सालीं सरकारनें तारांकित हॉटेलांची सूट काढून घेऊन बंदी पुन्हा आणली. ऑक्टोबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिला स्थगिति दिली. मग २०१६ सालीं नवा कायदा झाला. त्यानें नाच बंद केला नाहीं; त्याला परवाना ठेवला आणि परवान्याला अटी. शाळा व प्रार्थनास्थळें यांपासून एक किलोमीटर अंतर हवें, कॅमेरे हवेत, मद्याची खोली आणि नाचाची खोली यांत भिंत हवी, नाचाच्या जागीं मद्य नको, मालकाचें चारित्र्य चांगलें हवें. एकएक अट वाचली तर बिनतोड वाटते. सगळ्या एकत्र वाचल्या कीं ध्यानांत येतें, ही जागा ह्या भूमीवर सांपडणें नाहीं. साताऱ्यांत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून पोवई नाक्यापर्यंत कोणी चालत गेला तर शाळा किंवा देऊळ त्याच्या दृष्टीआड होत नाहीं. मग मुंबईची गोष्ट कशाला? अर्ज करणाऱ्याला नकार लिहून द्यावयाचा तर कारण लिहावें लागतें. अट एकानें वाढविली कीं तो आपण होऊनच परत जातो. परवाने जवळजवळ कोणालाच मिळाले नाहींत.

१७ जानेवारी २०१९ रोजीं न्यायमूर्ति सिक्री व न्यायमूर्ति भूषण यांनीं ह्या अटी एकेक करून चाळून काढल्या. एक किलोमीटरची अट गेली, कॅमेऱ्यांची गेली, भिंतीची गेली, मद्याच्या मनाईची गेली, आणि मोघम अशी चारित्र्याची अटहि गेली. पण सगळेंच गेलें असें नव्हे. सायंकाळीं सहा ते रात्रीं साडेअकरा ही वेळ न्यायालयानें मान्य केली. नाचणारीवर पैसे उधळण्याची मनाई मान्य केली. तिच्याशीं लेखी करार हवा आणि तिचे पैसे बँकेंत जमा व्हावेत, हेंहि मान्य केलें. ह्या शेवटच्या अटींकडे पाहिलें म्हणजे परवाना कशासाठीं असतो तें कळतें. साडेअकराची अट शेजाऱ्याच्या झोंपेची आहे. कराराची अट नाचणारीच्या हक्काची आहे. त्यांत कोणाचें तरी रक्षण होतें. एक किलोमीटरच्या अटींत रक्षण कोणाचेंच नव्हतें.

कोणी म्हणेल, मग गांवांतल्या लोकांनीं मुकाट्यानें सारें सोसावें काय? मुळींच नाहीं. ह्याच राज्यांत २००८ पासून एक पद्धति रूढ आहे. गांवांत किंवा वॉर्डांत दारूचें दुकान अगर परमिट रूम नको असेल तर तेथल्या २५ टक्के महिला मतदारांनीं अर्ज करावा. अर्जावरच्या सह्या पडताळल्या जातात, कलेक्टर गुप्त मतदान घेववितो, आणि एकूण महिला मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतें. नुसत्या आलेल्या मतांच्या नव्हे, एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ज्या दिवशीं शेतांत भांगलण असेल त्या दिवशीं तें साधणें सोपें नसतें. तरी अनेक गांवांतल्या बायांनीं तें साधलें. ह्या पद्धतींत जिचा नवरा रात्रीं त्या दारांतून बाहेर पडतो तिला विचारलें जातें. २००५ सालीं नाचणारीला कोणी विचारलें नव्हतें. अर्थात् नाचणारी बहुधा दुसऱ्या गांवची, दुसऱ्या राज्याची. आडव्या-उभ्या बाटलीच्या मतदानांतहि तिचें नांव यादींत सांपडावयाचें नाहीं. तेवढें उणें तेथेंहि आहेच.

आतां पुन्हां तमाशाच्या कनातीकडे. मद्यगृहांविषयींच्या कायद्यानें तमाशाला हात लावला नाहीं. त्याला अडविलें तें आवाजाच्या नियमांनीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक वाजवितां येत नाहीं. २००५ च्या जुलैंत, म्हणजे नाचबंदीचें विधेयक मंजूर झालें त्याच महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ह्या नियमावर कडक शिक्कामोर्तब केलें. सण-उत्सवांसाठीं वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते, आणि ते दिवस जिल्ह्याजिल्ह्यांत जाहीर होतात. हा नियम मुळांत चांगला आहे. आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला रात्रीची शांति हवीच, आणि यात्रेच्या नांवाखालीं हल्लीं ज्या भिंतीएवढ्या ध्वनिपेट्या वाजतात त्यांना ढोलकीची बहीण म्हणणें हा ढोलकीचा अपमान आहे. परंतु ह्याहि नियमाला एक दार ठेवलेलें आहे. सभागृह, मेजवानीचा दिवाणखाना अशा बंदिस्त जागेंत आंतल्यापुरता आवाज चालतो. भिंतींतून आवाज बाहेर जात नाहीं, तेव्हां ह्या सवलतीला कारण आहे. ताऱ्यांच्या सवलतीला तें नव्हतें. तरी फळ तेंच निघतें. ज्याला भिंती बांधतां येतात त्याची रात्र चालूं राहते, आणि ज्याची भिंत कापडाची आहे त्याची दहाला संपते. पंधरा दिवसांच्या यादींत गणपति आणि नवरात्र यांचे दिवस आधींच बसतात. फडांचा खरा हंगाम चैत्रांतल्या गांवोगांवच्या यात्रांचा, आणि त्या काहीं एका दिवशीं भरत नाहींत. एका गांवची यात्रा म्हणून त्या रात्रीपुरता तेथल्या तमाशाला, आवाज मोजून, थोडा अधिक वेळ द्यावा, अशी तरतूद करण्यास कोणाचा विरोध असण्याचें कारण दिसत नाहीं. ग्रामसभेला विचारावें, ज्यांची झोंप जाणार तेच सांगतील.

उपाहारगृहांच्या वेळा तर ह्या अवधींत पार पालटल्या. १९४८ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें खाण्याचें दुकान पहाटे पांचच्या आधीं उघडूं नये आणि मध्यरात्रीं बारानंतर चालूं ठेवूं नये असें होतें. २०१७ च्या नव्या कायद्यानें हें बंधन सैल केलें, आणि १ ऑक्टोबर २०२५ च्या शासननिर्णयानें स्पष्ट केलें कीं मद्य देणारीं ठिकाणें वगळतां दुकानें व उपाहारगृहें चोवीस तास उघडीं राहूं शकतात. महामार्गावर रात्रीं दोन वाजतां मिसळ मागितली तर ती देण्यास आतां कायद्याची हरकत नाहीं. त्याच रात्रीं यात्रेच्या माळावर दहाच्या ठोक्याला शिपाई कनातीपाशीं येऊन उभा राहतो. वगांतला राजा दरबार अर्धवट टाकून आंत जातो, ढोलकीवाला वाद्या सैल करतो, आणि फडाचा मालक पेटींतला परवाना काढून सहीच्या वर लिहिलेली वेळ बत्तीच्या उजेडांत पुन्हां एकदां वाचून पाहतो.