दवाखान्याची पाटी वाचताना

गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची पाटी असते. नावापुढे एम.बी.बी.एस., मग स्वल्पविराम, आणि पुढे आगगाडीच्या डब्यांसारखी अक्षरं! त्यात कधी ‘एफ.आर.एस.एच., लंडन’ दिसतं. लंडन वाचून आपण दबतो. पण ही पदवी नव्हे. वर्गणी भरून मिळणारं एका आरोग्यविषयक संस्थेचं ते सभासदत्व. त्याचा डॉक्टरच्या कौशल्याशी संबंध नाही.

ॲलोपथीच्या डॉक्टरांसाठी 2002 सालची आचारसंहिता आहे. मान्यताप्राप्त पदव्या किंवा व्यावसायिक ज्ञानाची पावती देणारी प्रमाणपत्रं, सभासदत्वंच नावापुढे लावावीत, त्या शाखेचं खास शिक्षण नसेल तर स्वतःला ‘तज्ज्ञ’ म्हणवू नये, असं ती सांगते. जाहिरातीलाही तिथे फार वाव नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर काही दिवस बाहेरगावी आहेत, अशा सूचना वर्तमानपत्रात देता येतात. भलीमोठी पाटी किंवा औषधाच्या दुकानावर लावलेली पाटी मात्र नियमात बसत नाही. आता आपल्याकडचे फ्लेक्स आठवा!

आणि प्रश्न फक्त पाटीवरच्या अक्षरांचा नाही. होमिओपॅथीची पदविका असलेल्या एका डॉक्टरनं ॲलोपथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निष्काळजीपणा ठरवला.

मग डॉक्टर खरोखर ॲलोपथीचा आहे का, हे ओळखायचं कसं? चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक छापणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदींशी ताडून पाहता येतो. विचारायला संकोच वाटतो, हे खरं. पण चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.