रोजगाराची शिल्लक आणि खर्चाची बाजू



खासगी क्षेत्रात रोजगार किती वाढला, हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या आगेमागे हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळते. हा आकडा म्हणजे निव्वळ शिल्लक. जमा किती, खर्च किती, हे त्यातून कळत नाही. घर चालवणारी गृहिणीदेखील केवळ शिल्लक पाहून वही मिटत नाही!

अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय २००३ पासून दोन्ही बाजू प्रसिद्ध करते. नव्या व विस्तारलेल्या आस्थापनांत वाढलेले रोजगार एकीकडे, बंद पडलेल्या व आक्रसलेल्या आस्थापनांत गेलेले दुसरीकडे. एरवीच्या तिमाहीत प्रत्येक बाजूस सत्तर-ऐंशी लाखांची उलाढाल असते, फरक मात्र काही लाखांचाच. २०२०च्या दुसऱ्या तिमाहीत दोन कोटींहून अधिक रोजगार गेले, तरी त्याच तिमाहीत पन्नास लाखांहून अधिक निर्माणही झाले. तेथील 'ठेवा वा काढा' ही वृत्ती आपल्याला नको. हिशेबाची शिस्त घेण्यास हरकत नसावी.

आपल्याकडे १९५९च्या सेवायोजन कायद्यान्वये पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांकडून माहिती घेतली जाई. त्यानुसार संघटित खासगी क्षेत्रात १९९१ मध्ये सुमारे ७७ लाख लोक होते, १९९८ मध्ये ८७ लाख, २००४ मध्ये ८२ लाख आणि २०१२ मध्ये सुमारे ११९ लाख. उदारीकरणाचे गोडवे गायले जात असताना मध्येच पाच लाखांची घट झाली, याची चर्चा किती झाली? आणि ही घटदेखील शिल्लकच. प्रत्यक्षात किती गेले, हे गुलदस्त्यातच राहिले.

मुंबईचे गिरणगाव आठवा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची कार्यालये उभी राहिली. तेथेही रोजगार निर्माण झाला, कागदावर भरपाई झाली. परंतु साचाखात्यात वीस वर्षे राबलेला कोकणातला वा घाटावरचा माणूस त्या कार्यालयात संगणकापुढे बसला नाही. एकाची नोकरी गेली, दुसऱ्याला मिळाली. बेरीज-वजाबाकी शून्य आली. त्या शून्यात एका पिढीची फरपट सामावली आहे.

भविष्य निर्वाह निधी संघटना एप्रिल २०१८ पासून नवे सभासद, बाहेर पडलेले आणि परतलेले यांचे मासिक आकडे देते. हे पाऊल स्वागतार्हच. मात्र एकोणीस कामगारांच्या कारखान्यात विसावा आला की सारेच 'नवे' म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यांना संरक्षण मिळाले हे उत्तम, पण नवे काम एकालाच मिळाले.

हे आज निकडीचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कामगारकपात करण्यापूर्वी वा कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची अनुमती घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. उद्योगाला मोकळीक हवी, हे मला मान्य आहे. मात्र अनुमतीचे कागदच उरणार नसतील, तर मधल्या आकाराच्या कारखान्यांतून गेलेला कामगार नोंदवायचा कोणी?

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाचे कार्यकर्ते औद्योगिक वसाहतींमध्ये काम करतात. आपल्या जिल्ह्यातील वसाहतीत गेल्या पाच वर्षांत कोणते कारखाने उघडले, कोणते बंद पडले आणि तेथील माणसे आज काय करतात, याची साधी वही त्यांच्या साह्याने विश्वकर्मा जयंतीपर्यंत आपण तयार करावी. पहिली पाने बंद पडलेल्या कारखान्यांसाठी ठेवावीत.