हँगार्ड येथील एक मराठी नाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात सिलतरा येथे दिलेले भाषण)



गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करण्याची आपली जुनी रीत आहे. माणूस पोटासाठी सिलतऱ्याला येवो की सातासमुद्रापार जावो, त्याचे गाव त्याच्या सोबतीला असतेच. गोव्यात फोंडा तालुक्यात वेलिंग नावाचे गाव आहे. त्या गावाचे नाव लावणारा मुंबईचा एक तरुण फ्रान्सच्या भूमीत चिरनिद्रा घेत आहे. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ विमानाचा वैमानिक होता.

त्या युद्धातील हिंदी लढाऊ वैमानिक म्हणून चार नावे प्रामुख्याने घेतली जातात : हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि वेलिंगकर. त्या काळी लढाऊ पलटणींत हिंदी सैनिकाची मजल सुभेदार-मेजरच्या पुढे जात नसे. मलिक ऑक्सफर्डचे विद्यार्थी; तरी त्यांना प्रथम नकारच मिळाला. ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच विमानदल त्यांना घ्यावयास तयार झाले, तेव्हा कोठे त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी शब्द टाकला आणि १९१७ साली दार किलकिले झाले. केंब्रिजला शिकलेले वेलिंगकर त्याच सुमारास आत शिरले.

साम्राज्यासाठी हे तरुण का लढले, असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. मला तो थोडा सोपा वाटतो. खुद्द लोकमान्यांनी १९१८ मध्ये गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठविला होता. सरकारने हिंदी लोकांना अधिकारपदांचे वचन द्यावे, मी महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक देतो. न दिल्यास ही रक्कम दंड समजावी, अशी ती पैज होती. लोकमान्य जे मागत होते, ते या तरुणाने आपल्यापुरते मिळविले होते.

वेलिंगकरांची नेमणूक तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये होती. विमान सॉपविथ डॉल्फिन. येथे सिलतऱ्याला लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत आयुष्य काढणाऱ्या मंडळींना सांगितले पाहिजे, की ते विमान लाकडी सांगाड्याचे आणि वर कापड ताणून बसविलेले होते. दोनशे अश्वशक्तीचे पाण्याने थंड होणारे इंजिन, आणि समोर दोन मशीनगन. वैमानिकाचे डोके वरच्या पंखांच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश त्याला निर्वेध दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर पहिला भार त्याच डोक्यावर पडणार, ही धास्ती वैमानिकांना असे. उंचावर मात्र हे विमान उत्तम चाले. तेथील गोठविणाऱ्या वाऱ्यात माणूस उघड्यावर बसे. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना पॅराशूट दिलेले नसे.

१९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी मोठी चढाई केली आणि एप्रिलमध्ये ती अमियाँ शहराच्या अलीकडे अडविली गेली. १ एप्रिलला ब्रिटिशांची दोन विमानदले एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स स्थापन झाले होते. त्या उन्हाळ्यात या आघाडीवर रोज गस्त चाले. जूनअखेरच्या अशाच एका गस्तीवरून वेलिंगकर परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जून १९१८ रोजी त्यांनी प्राण सोडला. वय अवघे तेवीस.

शत्रूने त्यांना लष्करी इतमामाने पुरले. पण क्रॉसवर नाव लिहिले 'वुमकर'. गाव गेले, 'कर' तेवढा राहिला. त्यामुळे युद्ध संपले तरी मुंबईच्या घरी त्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नव्हता. हा वुमकर म्हणजेच वेलिंगकर, हे पुढे शोधाअंती सिद्ध झाले.

इंद्रलाल रॉय यांच्यावर १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले, ते यथायोग्यच. मराठी घरांत मात्र वेलिंगकरांचे नाव क्वचितच ऐकू येते.

आपल्यापैकी अनेकांची मुले हल्ली युरोपात असतात. त्यांपैकी कोणी अमियाँला गेले, तर हँगार्ड हे खेडे तेथून जवळच, आग्नेयेस आहे. गावच्या दफनभूमीला लागून युद्धातील सैनिकांची दफनभूमी आहे. नोंदीत नाव शोधताना 'व्ही'खाली पाहू नये. इंग्रजीत ते 'डब्ल्यू'ने लिहिलेले आहे.