बेंगळूरच्या मराठी माणसाचा शोध
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी व्यवसायाने इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत दप्तरांचा दीर्घ सहवास घडला आणि जुना कागद बोलतो, मात्र त्याला नेमका प्रश्न विचारावा लागतो, एवढे त्या सहवासाने शिकविले. या अल्पशा शिदोरीवर एकच प्रश्न आपणांपुढे ठेवतो : बेंगळूरचा मराठी माणूस येथे केव्हा आला, आणि त्याचा माग कसा काढावा?

आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर नोकरीपासून सुरू होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला. १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आले, व त्यांच्या मागोमाग आपण आलो. हे उत्तर खरे आहे, पण ते ग्रंथाचे शेवटचे प्रकरण झाले. पहिले प्रकरण १६३८ चे. त्या वर्षी विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे; इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतले आणि पुढे ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. सत्ता गेली, तरी माणसे राहिली. पेठेतील रंगारी व शिंपी समाजांच्या कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यात कन्नडचा गोडवा मिसळला आहे, म्हणून ती आपल्या कानाला निराळी वाटते, इतकेच.

या घरांचा इतिहास शोधावयाचा तर प्रथम ग्रंथालयाची पायरी चढावी. कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारक ग्रंथालय आणि १९०९ साली स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह ही आपल्या शहरातील दोन समृद्ध स्थाने. तेथे लुई राइस यांचे ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ मागावे. त्याचा नववा खंड बेंगळूर जिल्ह्याचा आहे. मल्लेश्वरच्या १६६९ सालच्या शिलालेखात एकोजीराजांनी देवस्थानास गाव दिल्याची नोंद आहे, आणि तो लेख कन्नडात आहे. मराठी राजपुत्राचे दान कन्नडात कोरलेले! ज्याला येथील मराठी माणूस शोधावयाचा त्याने कन्नड शिकलेच पाहिजे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? त्यानंतर नंजुंडय्या व अनंतकृष्ण अय्यर यांचे म्हैसूरच्या जातिजमातींवरील चार खंड आणि जुन्या जनगणनेचे अहवाल पाहावेत.

आता यांतील पुष्कळ ग्रंथ घरबसल्या संगणकावर वाचता येतात. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या गॅझेटियरांच्या प्रती आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर दप्तरांची सूची मिळते. तथापि यंत्र आपण दिलेला शब्दच शोधते, म्हणून शब्द जाणून द्यावा. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘मराठा’ हा शब्द लोकमान्यांच्या इंग्रजी पत्राच्या नावाप्रमाणे, ‘आर’पूर्वी ‘एच’ आणि शेवटी दोन ‘टी’ घालून लिहीत. आजच्या वर्णलेखनाने तो सापडणार नाही. कन्नड मुलखात मराठ्यांना ‘आरे’ म्हणत, हे ठाऊक नसेल तर अर्धी पाने हातची जातात. उलट कोडगू-सुळ्याकडील ‘अरेभाषे’ ही कन्नडचीच बोली. नावाच्या सारखेपणावरून तिला मराठी ठरविणे हास्यास्पद होय. ‘राव’ हे उपपदही मराठीपणाचा दाखला नव्हे. ते अनेक कन्नड आणि तेलुगू घराण्यांतही आहे. आणि मोडी कागद तर सर्वसाधारण शोधयंत्राला वाचताच येत नाही. तेथे डोळस मनुष्यच हवा.

जनगणनेचे आकडेही जपून वाचावेत. २०११ मध्ये कर्नाटकात वीस लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. ज्या घराने तीनशे वर्षांनंतर ‘कन्नड’ असे उत्तर दिले, ते या आकड्यात नाही; त्याच्या देव्हाऱ्यातील विठोबा मात्र आहे. २०२७ च्या जनगणनेत तोच प्रश्न पुन्हा आपल्या दारी येईल. उत्तर देताना मागील पिढ्यांचे स्मरण असावे.

ग्रंथ व यंत्र यांच्यापलीकडे एक साधन आहे, आणि तेच सर्वांत लवकर नाहीसे होत आहे : वृद्धांची स्मृती. राजवाडे दारोदार हिंडले, म्हणून कागद वाचले. आपणही पेठेतील जुन्या मराठी घरी जावे, संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे, लग्नपत्रिका, जमाखर्चाच्या वह्या, छायाचित्रे यांच्या प्रती घ्याव्यात आणि मूळ वस्तू मालकाकडेच ठेवावी. जातीच्या वा मिळकतीच्या कागदांविषयी विशेष संयम पाळावा. या शोधाचा उपयोग ‘आम्ही आधीचे’ असा हक्क सांगण्यासाठी कोणीही करू नये. २०१८ मध्ये आपल्या याच हेब्बाळात खोदकाम चालू असता किट्टय्या नावाच्या वीराचा शिलालेख सापडला. तो गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा, सुमारे इ. स. ७५० चा. त्या पाषाणापुढे आपण सारेच काल आलेले आहोत.

शेवटी मंडळास एक नम्र विनंती. पन्नास वर्षांपूर्वीची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, गणेशोत्सवाच्या पत्रिका कपाटात आहेत. कागद पिवळा पडतो, शाई उडते, आणि छायाचित्रातील माणसांची नावे सांगणारे एकेक करून निघून जातात. या वर्षी प्रत्येक छायाचित्रामागे नावे व साल लिहावे, सर्व दप्तराच्या संगणकीय प्रती कराव्यात आणि एक संच सार्वजनिक ग्रंथालयास द्यावा. शंभराव्या वर्षी कोणी आपल्याविषयी विचारील, तेव्हा त्याला उत्तर देणारा कागद असला पाहिजे.